माशीवरचा लाल ठिपका

“आता दिसतोय का?” मी विचारलं.

आप्पांनी डावा डोळा मिटला, हात लांब केला आणि रिव्हॉल्व्हर परसातल्या भिंतीवर रोखलं. त्या पांढऱ्या भिंतीवर मी डांबरानं एक वाटोळं काढून ठेवलं होतं. दुरुस्तीला आलेलं प्रत्येक हत्यार रिकामं करून मी त्या वाटोळ्यावर धरून बघत असे.

“दिसतोय की. लख्ख दिसतोय.”

“मग दसऱ्याला काय झालतं?”

“त्येच तर कळंना रं धर्मा. तवा ठिपका म्हून न्हवताच. नुसतं तांबडं पसरलेलं, पाण्यात कुंकू सांडल्यागत. आन् त्याच्याभवती एक कडं.”

मी रिव्हॉल्व्हर त्यांच्या हातातून घेतलं आणि डोळ्याला भिंग लावून ठिपका तपासला. ठिपक्याच्या कडेला तेल ओघळलं होतं आणि तेलावर दारूची काजळी बसली होती. मला हायसं वाटलं. दोष सापडला की मिस्त्री माणसाला जेवण गोड लागतं.

“हे बघा, तेल! किती वेळा सांगितलं तुम्हाला, माशीला तेल लावायचं न्हाई म्हणून? तेलावर उजेड फाकतोय. कडं दिसंल न्हाई तर काय!”

“आसंल बाबा,” आप्पा म्हणाले. “तू म्हणतोस म्हंजे आसंल.”

हे वाक्य मी पुढं आठ महिने ऐकत राहिलो. ऐकायला बरं वाटायचं, खोटं कशाला बोलू!

माशी म्हणजे काय ते आधी सांगतो, नाहीतर पुढचं कळायचं नाही. नळीच्या टोकाला पात्यासारखा एक उंचवटा असतो, त्याला आम्ही माशी म्हणतो. मागं असते खाच. खाचेतून माशी बघायची, माशीवर निशाण धरायचं, झालं काम. पण काळ्या नळीवर काळी माशी अंधुक उजेडात दिसणार कशी? म्हणून सत्त्याहत्तर साली मी आप्पांच्या रिव्हॉल्व्हरच्या माशीला मागच्या अंगानं बारीक भोक पाडलं आणि त्यात लाल रंग भरला. असला ठिपका तेव्हा आमच्या भागात कुणाच्या हत्याराला नव्हता. पुढं तो बघायला खानापूरपासून कोल्हापूरपर्यंतचे शिकारी बेळगावात कॅम्पात यायचे. बंदुकांचं दुकान दुसऱ्याचं होतं, पलटण सोडल्यावर मी तिथं नुसता मिस्त्री, पण विचारत यायचे ते मला. “धर्मराज कुठंय?” मग काय, मीही कॉलर वर करून हिंडायचो.

आणि आप्पा म्हणजे हवालदार भीमाप्पा. माझ्या सख्ख्या नात्यातले नव्हेत, पण संकेश्वरजवळच्या आमच्या एकाच गावातले, एकाच गल्लीतले. मी अठराव्या वर्षी पलटणीत गेलो तो त्यांच्या शब्दावर. ते जवानांना नेमबाजी शिकवायचे, मी हत्यारं दुरुस्त करणाऱ्यांत. पहिल्याच महिन्यात माझ्या हातून एक स्प्रिंग उडाली आणि मैदानातल्या रेतीत पडली. केसाएवढी बारीक. दुसऱ्या दिवशी तपासणी. मी रडकुंडीला आलो होतो. आप्पा गुडघ्यांवर बसले आणि तीन तास रेती चाळत राहिले. सापडली तेव्हा ती माझ्या तळहातावर ठेवून म्हणाले, “घे. आन् कुणाला सांगू नगस, न्हाईतर हसत्यात.” असे डोळे होते त्यांचे!

पलटणीतून निवृत्त झाल्यावर ते निपाणीच्या एका तंबाखूच्या वखारीवर राखणदार म्हणून लागले. रिव्हॉल्व्हर त्यांचं स्वतःचं, परवाना स्वतःच्या नावावर. त्या वखारीत दसऱ्याचा एक रिवाज होता. आपट्याची पानं वाटून झाली की दिवस मावळायच्या सुमाराला मातीच्या ढिगापुढं बांबूला नारळ टांगायचा आणि राखणदारानं तो एका गोळीत फोडायचा. विड्या वळणाऱ्या बायका, हमाल, कारकून, झाडून सगळे जमायचे. पूजा मालकाची आणि गोळी आप्पांची. चार वर्षं आप्पांनी एका गोळीत नारळ फोडला. पाचव्या वर्षी, म्हणजे एक्याऐंशी साली, तीन गोळ्या झाडल्या आणि नारळ जागचा हलला नाही. कोणीतरी हसलं. थोरले मालक असते तर त्यांनी सांभाळून घेतलं असतं, पण ते वारले होते. धाकटे मालक सगळ्यांदेखत म्हणाले, “आप्पा, हंगामापतोर बघतो. मग दुसरा माणूस बघावा लागंल.”

म्हणून आप्पा माझ्याकडं आले होते. माणसाचं पोट आणि इभ्रत दोन्ही त्या ठिपक्यावर टांगलेली आहेत, असं मला वाटत होतं.

आज सांगूनच टाकतो. ठिपक्याला काही झालं नव्हतं. आप्पांचे डोळे जात होते. दिवसागणिक जात होते, आणि मी, त्यांच्या भरवशाचा मिस्त्री, ठिपका दुरुस्त करत बसलो होतो.

तेल पुसून दिलं त्यावर पंधरा-वीस दिवस बरे गेले. मग कार्ड आलं. आप्पांचं अक्षर पलटणीतल्या कवायतीसारखं, एका रांगेत उभं. “चि. धर्मराज यास जयभीम. ठिपका पुन्हा गढूळ. दिवसा ठीक. संध्याकाळी जास्त. मंगळवारी येतो.” एवढंच. त्या वेळी अक्षरं थोडी उतरती झाली होती हे मी बघितलं. गाडीत बसून लिहिलं असेल म्हणालो.

मंगळवारी ते सकाळच्या गाडीनं आले. निपाणीहून निघालेली गाडी बेळगावात पोचेपर्यंत साडेदहा-अकरा वाजायचे. मग चहा, मग गावाकडच्या गप्पा, मग काम. म्हणजे भर दुपार. मी जुना रंग सुईनं खरवडून काढला. खाली पांढऱ्या रंगाचा हात दिला, तो वाळू दिला आणि त्यावर नवा लाल भरला. आप्पांनी भिंतीवर रोखून बघितलं.

“लख्ख!”

“संध्याकाळचं दिसत न्हवतं, कारण खाली काळं लोखंड होतं,” मी मोठ्या शहाणपणानं सांगितलं. “आता खाली पांढरं हाय. अंधुकात बी उठून दिसणार.”

“आसंल बाबा. तू म्हणतोस म्हंजे आसंल.”

घरी जेवायला नेलं. माझ्या बायकोनं, राजानं, गरम भाकरी वाढली. आप्पांनी तिला चिडवलं, “तुझ्या नवऱ्याला कानस दिली तर चंद्र बी घासून वाटोळा करंल ह्यो.” आम्ही पोट धरून हसलो. तीनच्या गाडीनं ते गेले. रंग त्यांच्यासमोर तपासला होता, दिसला होता, मी निश्चिंत झालो. संध्याकाळी थांबा, दिवेलागणीला बघू, असं म्हणायचं माझ्या डोक्यात आलं नाही. शेवटची गाडी चुकली असती ना! तेवढ्यासाठी.

जानेवारीत पुन्हा कार्ड. आता मी हट्टाला पेटलो. सायकलच्या मागं लावतात ती लाल काच मी फोडली. त्यातला एक चांगला तुकडा निवडून, दोन दिवस घासून घासून, ज्वारीच्या दाण्याहून लहान केला आणि माशीच्या भोकात बसवला. उन्हात धरला की निखाऱ्यासारखा पेटायचा. दुकानात आलेल्या एका गिऱ्हाइकानं तर विचारलं, यात बॅटरी आहे का म्हणून. आप्पांनी तो बघितला आणि माझ्या खांद्यावर थाप मारली.

“आरं, ह्यो तर दिवाच लावलास की रं!”

तीन आठवडे तक्रार आली नाही. मी राजाला म्हणालो, “बघ, जिंकलो.” आता कळतं, ते माझं काम नव्हतं. त्या दुखण्याची चालच तशी असते. येतं, चार दिवस राहतं, निघून जातं. माणसाला वाटतं, बरं झालं. आणि जाताना ते दर वेळी थोडी नजर घेऊन जातं.

मार्चमध्ये सोनूआक्का, म्हणजे आप्पांची बायको, एका लग्नासाठी बेळगावात आली होती. ती दुकानाच्या पायरीवर येऊन उभी राहिली. आत बोलावलं तरी आली नाही. बंदुकांची तिला भीती वाटायची, नवऱ्याची सगळी हयात बंदुकीत जाऊनसुद्धा.

“धर्मा, ह्येंचं डोस्कं लई दुखतंय रं. सांज झाली की कपाळ धरून बसत्यात. परवा वकलं बी. आन् उजवा डोळा ह्यो आसा लालभडक.”

“आक्का,” मी हातातलं काम न सोडता म्हणालो, “हंगाम हाय. वखारीत खाट उठतीया. सध्या निपाणीत कुणाचं डोळं लाल न्हाईत ते दाव मला.”

खाट म्हणजे तंबाखूच्या धुरळ्याची ती झणझणीत वाफ. हंगामात निपाणीच्या रस्त्यानं नुसतं चाललं तरी शिंका येतात, डोळ्यांतून पाणी लागतं, डोकं जड होतं. वखारीत काम करणाऱ्यांना तर उलट्याही होतात. त्या गावात लाल डोळ्यांचं कुणालाच काही वाटत नाही. आक्कालाही माझं पटलं.

“व्हय, त्ये बी खरंच,” ती म्हणाली. “शेजारची मालुबाई बी तसंच म्हणत हुती.”

मी कोपऱ्यावरच्या दुकानातून गुलाबपाण्याची बाटली आणून तिच्या हातात दिली. दोन-दोन थेंब घालायला सांगितलं. डॉक्टरकडं न्या, असं म्हणालो नाही. माझ्या दुकानापासून डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंचा दवाखाना कॅम्पातच, चालत पाच मिनिटांवर होता. पाच मिनिटांवर!

एप्रिलमध्ये आप्पा पुन्हा आले. त्या दिवशी दुकानात गर्दी होती आणि माझं डोकं सकाळपासून तापलेलं. आप्पा कोपऱ्यातल्या स्टुलावर गपचूप बसून राहिले. मला सवड झाली तेव्हा हळूच म्हणाले,

“धर्मा, रागावू नगस. पर कडं आजून हाय.”

“कडं, कडं, कडं!” मी भडकलोच. “चला भायेर. धरा भिंतीवर. हाय का कडं?”

त्यांनी धरलं. बराच वेळ धरलं. “न्हाई.”

“मग?”

“हितं नसतंय रं. तितं आसतंय. आन् आताशा…” ते थांबले. लोकांसमोर बोलावं की नाही असं त्यांना झालं असावं. “आताशा वखारीतल्या बलबाभवती बी दिसतंय. रंगीत. रांगोळीचं कडं काढल्यावानी.”

बल्बला मी रंग लावला नव्हता. बल्बवर तेल ओघळलं नव्हतं, काजळी बसली नव्हती, त्याच्यापर्यंत माझी कानस पोचली नव्हती. जे कडं ठिपक्याभोवती, तेच बल्बभोवती, तर दोष ठिपक्यात कसा असेल? एवढं साधं शेंबड्या पोराला कळलं असतं. पण मला राग आला होता. माझ्या इतक्या महिन्यांच्या कामात हा माणूस खोट काढतो आहे, तीही चार गिऱ्हाइकांसमोर, असं मला वाटलं.

“मग त्यो बलब बी घिऊन या की दुरुस्तीला!” मी म्हणालो.

दुकानातली माणसं हसली. आप्पाही हसले. त्यांना दुसरं काय करता येणार होतं?

मी रिव्हॉल्व्हर शेगड्याच्या लोखंडी जबड्यात आवळलं आणि मागची खाच कानशीनं रुंद करून टाकली. ठिपका आणखी मोठा दिसावा म्हणून. नेमबाजाच्या हत्याराची खाच अशी रुंद करायची नसते, नेम ढिला पडतो. हे मला शिकवलं होतं ते आप्पांनीच. ते बघत उभे होते. लोखंडाचा कीस खाली पडत होता. 

त्या दिवशी जेवायला थांबले नाहीत. गाडीत चढताना पायरी त्यांच्या पायाला सापडेना. दोनदा पाय हवेत गेला. वय झालं आप्पांचं, असं मनात म्हणालो आणि परत दुकानात येऊन कामाला लागलो.

मे महिना सरत आला. कार्ड आलं नाही. आधी वाटलं, रुसले. मग वाटलं, ठिपका जमला असेल. तक्रार आली नाही म्हणजे काम झालं, असं आम्हा मिस्त्री लोकांना वाटतं.

महिनाअखेरीला मी स्वतःच डॉक्टरीणबाईंकडं गेलो. मला बारीक स्क्रूची खाच दिसेनाशी झाली होती. पंचेचाळिशी उलटली होती, चष्मा लागायचाच. बाई मध्यम वयाच्या, बोलायला मोकळ्या. भिंगं बदलता बदलता त्यांनी धंदा विचारला. मला तेवढंच हवं होतं! मी माझ्या ठिपक्याची सगळी कहाणी सांगायला लागलो. सायकलची काच, पांढरा हात, सगळं. आणि शेवटी हसत म्हणालो, “आमच्या आप्पांचं समाधानच होत नाही बघा. आता म्हणतात, बल्बभोवतीही रंगीत कडी दिसतात.”

बाईंच्या हातातलं भिंग हातातच राहिलं.

“डोकं दुखतं त्यांचं? संध्याकाळी?”

“हो.”

“उलटी? डोळा लाल?”

“तंबाखूची खाट…” मी बोलायला लागलो आणि थांबलो. 

“काचबिंदू आहे तो,” बाई म्हणाल्या. “अंधुक उजेडात बाहुली मोठी होते आणि डोळ्यातलं पाणी आतच अडतं. दाब वाढतो. आतली शीर मरते. तुम्ही कधी तपासत होता त्यांना?”

“दुपारी,” मी म्हणालो. “पांढऱ्या भिंतीवर.”

“उन्हात बाहुली बारीक होते. उन्हात त्यांना दिसणारच.” त्या उठून उभ्याच राहिल्या. “आजच आणा. उद्या नाही.”

मी चष्मा तसाच टाकून निघालो. निपाणीची गाडी मिळाली. संकेश्वरला गाडी पंधरा मिनिटं थांबली तेव्हा मी ड्रायव्हरशी भांडलो. तो बिचारा कानडीत म्हणाला, चहा तरी पिऊ द्या. मला त्याच्या हातातला कप फेकून द्यावासा वाटला. आठ महिने थांबलेल्या माणसाला पंधरा मिनिटं थांबवत नव्हतं.

आप्पांचं घर वखारीच्या मागच्या गल्लीत. दार उघडं होतं. भिंतीवर बुद्धाची तसबीर, तिच्याखाली बाज, बाजेवर आप्पा, डोक्याला आवळून फडकं बांधलेलं. मी दारात उभा राहिलो. आमच्यात पुरतं चार हातांचंही अंतर नव्हतं. त्यांनी मान वळवली आणि थेट माझ्याकडं बघितलं.

“कोन हाय?” त्यांनी विचारलं. “सोनू?”

मला हुंदका आवरला नाही.

“धर्मा व्हय? आरं, रडतूस का? ये, बस. पित्त उसळलंय जरा. चार दीस झालं. लिंबू-आलं चाललंय.”

उजवा डोळा लाल आणि धुरकट झाला होता. आक्का म्हणाली, चार दिवसांपूर्वी भिंतीवर डोकं आपटून घेत होते, इतकं दुखत होतं. त्यांच्यासारखा माणूस! मी वखारीत धावलो. धाकट्या मालकांनी चांगुलपणा दाखवला, जीप दिली. त्यांना नावं ठेवायला आता मला तोंड नाही. त्यांनी निदान सरळ सांगितलं होतं की, माणूस बदलावा लागेल.

दवाखान्यात बाईंनी मिटलेल्या पापणीवरून बोटानं डोळा दाबून बघितला. नंतर मला म्हणाल्या, तुम्ही दाबून बघा. मी दाबला. गोटीसारखा कडक लागला. औषधं झाली, दुसऱ्या दिवशी ऑपरेशन झालं. आठवड्यानं बाईंनी सांगितलं की उजवा डोळा गेला. डाव्यालाही आधीपासून बराच मार बसलेला आहे, समोरचं थोडंसं राहिलंय, नळीतून बघावं तेवढं. तेही राहील की नाही, बघू.

“दसऱ्याला आले असते तर?” मी विचारलं.

“तर दोन्ही डोळे राहिले असते,” बाई म्हणाल्या. त्यांनी ते सौम्यपणे सांगितलं म्हणून जास्त लागलं. मग आप्पांकडं वळून त्यांनी विचारलं, “अहो, इतके महिने कुणालाच दाखवलं नाहीत?”

“दावलं की,” आप्पा म्हणाले. माझ्या दिशेनं, पण थोडा चुकीच्या जागी हात करून. “ह्यो आमचा धर्मा. ह्येनं लई झटून बघितलं. आठ म्हैनं बघतोय.”

बाईंनी माझ्याकडं बघितलं.  त्या ओरडल्या असत्या तर मी त्यांचे पाय धरले असते.

संध्याकाळी दवाखान्याच्या ओसरीवर आम्ही दोघंच बसलो होतो. मी म्हणालो, “आप्पा, चूक माझी हाय. सगळी माझी.”

“तू काय डाक्टर हाईस व्हय? तुला काय ठावं?”

“आक्कानं सांगितलतं मला.”

“ती मला बी सांगत हुती. मी कुठं ऐकलं?”  कॅम्पातल्या चर्चची घंटा झाली. सैनिकांची पोरं बॅट घेऊन घराकडं चालली होती, त्यांच्या आवाजाकडं आप्पांनी कान दिला. मग माझ्याकडं तोंड न वळवता म्हणाले, “पर धर्मा, बलबाचं सांगितलं तवा मला वाटलतं, तू इचारशील.”

राग नव्हता त्यांच्या आवाजात. असता तर मी पुढची वर्षं झोपलो असतो.

महिन्याभरानं परवाना परत करायची वेळ आली. निपाणीच्या पोलीस ठाण्यात हत्यार जमा करायचं होतं. आप्पांनी मला मुद्दाम बोलावून घेतलं. माझ्या दंडाला धरून चालत होते. धरलं होतं, पण भार टाकला नव्हता. पाऊल तेच पलटणीतलं, टाच आधी. रस्त्यात ओळखीचे लोक गप्प व्हायचे, आणि आप्पा त्या गप्प झालेल्यांनाच हाक मारायचे, “कोन, नागोजी न्हवं? बरं हाय न्हवं?” दोनदा नाव चुकलं. ज्यांचं चुकलं, त्यांनीही हो म्हणून घेतलं.

ठाण्यातला शिपाई तरुण, हुबळीकडचा. त्यानं रिव्हॉल्व्हर उलटसुलट करून बघितलं, आणि मागच्या रुंद खाचेवर त्याची नजर गेली.

“याक अज्जा, का जमा करताय?” त्यानं कानडी वळणानं विचारलं. “हत्यार बिघाडलं काय? हे कोण कापलं असं?”

मी तोंड उघडलं. आप्पांनी माझा दंड दाबला.

“हत्याराला कायबी झालेलं न्हाई,” ते म्हणाले. “उत्तम हाय. आमच्या मिस्त्रीनं तपासल्यालं हाय. मला दिसत न्हाई आता, म्हून जमा करतोय. तसंच ल्हिवा.”

शिपायानं तसंच लिहिलं. मग कागद फिरवून आमच्यापुढं केला आणि शाईचा डबा सरकवला. “अंगठा इकडं.”

आप्पांची मान ताठ झाली.

“सही करनार,” ते म्हणाले. “पलटणीत शिकलोय ल्ह्याला. अंगठा न्हाई द्यायचा.”

मी पेन त्यांच्या हातात दिलं. त्यांचं मनगट धरून हात कागदावर नेला. सहीची ओळ जिथं सुरू होते तिथं माझं बोट टेकवून ठेवलं.

“हितनं, आप्पा.”

त्यांनी पेनाच्या टोकानं आधी माझं बोट चाचपलं. मग लिहायला लागले. पहिलं अक्षर अर्धं माझ्या नखावर आलं, अर्धं कागदावर. मी बोट काढलं नाही. हवालदार भीमाप्पा सत्याप्पा कांबळे. हुद्द्यासकट पुरं नाव, एक काना न गाळता. सही दोन शब्द ओळीवर चालली, मग हळूहळू खाली उतरली आणि खालच्या छापील मजकुरात शिरून कागदाच्या कडेला जाऊन थांबली. शिपाई काहीतरी म्हणणार होता. मी त्याच्याकडं बघितलं. त्यानं शाईचा डबा मागं ओढून घेतला.

आप्पांनी पेनाला टोपण लावलं. दोनदा चुकलं, तिसऱ्यांदा बसलं.

“वळीवर आली का रं?” त्यांनी विचारलं.

“आली, आप्पा,” मी म्हणालो. “सरळ आली.”